जनुकशास्त्रज्ञांचे दुसरे शिक्षण

जनुकीय संशोधनाचे समाजावर काय परिणाम होतात, याचा पद्धतशीर अभ्यास करणारे क्षेत्र गेल्या साडेतीन दशकांत उभे राहिले. ‘एथिकल, लीगल अँड सोशल इम्प्लिकेशन्स’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘एल्सी’ म्हणतात. नीतिशास्त्र, कायदा, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, अर्थशास्त्र आणि वैद्यक यांच्या सीमेवरचे हे क्षेत्र. त्यात काम करणारा माणूस कोणत्याही एका विद्याशाखेत पुरता तयार होत नाही, त्याला मुद्दाम घडवावे लागते. दुसरीकडे, ज्याला एल्सीत काम करायचे नाही, फक्त रक्ताचे नमुने घेऊन त्यांतला डीएनए वाचायचा आहे, त्यालाही या विषयाची जाण लागते. अशी ही दोन शिक्षणे आहेत. ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत, पण विद्यापीठांत त्यांची गल्लत वारंवार होते.

अंदाजपत्रकातला एक रकाना

१९८८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने मानवी जीनोमच्या कामाची सूत्रे जेम्स वॉटसन यांच्याकडे सोपवली. डीएनएच्या रचनेच्या शोधात वाटा असलेल्या या नोबेल विजेत्याने नेमणुकीच्या वेळच्या पत्रकार परिषदेतच जाहीर करून टाकले की, प्रकल्पाचा काही पैसा नैतिक आणि सामाजिक प्रश्नांच्या अभ्यासावर खर्च होईल. फारशी सल्लामसलत न करता केलेली ही घोषणा होती, पण ती टिकली. सुरुवातीला अंदाजपत्रकाचे ३ टक्के आणि पुढे ५ टक्के रक्कम त्यासाठी राखली गेली. १९९३ च्या कायद्याने किमान ५ टक्क्यांची अट घातली. प्रकल्पातल्या दुसऱ्या भागीदाराने, म्हणजे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने, ३ टक्के दिले. विज्ञानाच्या एवढ्या मोठ्या योजनेने आपल्याच परिणामांची चिकित्सा करायला आपल्याच खिशातून पैसे द्यावेत, हे तोवर घडले नव्हते.

वॉटसन ज्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेचे संचालक होते, तिथल्या इतिहासात या घोषणेची पार्श्वभूमी सापडते. न्यूयॉर्कजवळच्या त्याच परिसरात १९१० पासून १९३९ पर्यंत ‘युजेनिक्स रेकॉर्ड ऑफिस’ चालत असे. घरोघर फिरून वंशावळी जमवायच्या, ‘मंदबुद्धी’, ‘दरिद्री’, ‘गुन्हेगारी वृत्तीचे’ असे शिक्के मारायचे आणि हे गुण आनुवंशिक असल्याचे सिद्ध करायचे, हे तिथले काम. तिथल्या हॅरी लॉफलिन यांनी सक्तीच्या नसबंदीसाठी नमुना कायदा लिहिला. त्याच्या आधारे व्हर्जिनिया राज्याने १९२४ मध्ये कायदा केला आणि १९२७ मध्ये ‘बक विरुद्ध बेल’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. अमेरिकेत अशा कायद्यांखाली साठ हजारांहून अधिक लोकांची नसबंदी झाली. हे सारे करणारे लोक भोंदू नव्हते. त्यांतले अनेक जण नामवंत विद्यापीठांत शिकलेले होते आणि आपण समाजाचे भले करतो आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. एल्सीच्या बहुतेक अभ्यासक्रमांत हा इतिहास अगदी सुरुवातीला येतो, त्याचे कारण हेच. दुष्ट माणसांच्या गोष्टीतून संशोधकाला फारसे शिकता येत नाही. सज्जन आणि हुशार माणसे कशी चुकली, यातून बरेच शिकता येते. खुद्द वॉटसन यांनाही वंश आणि बुद्धिमत्तेविषयीच्या विधानांमुळे पुढे त्याच प्रयोगशाळेने दिलेल्या मानाच्या पदव्या २०१९ मध्ये गमवाव्या लागल्या, हा उपसंहारही आता वर्गात सांगितला जातो.

एल्सीच्या पहिल्या कार्यगटाच्या अध्यक्ष नॅन्सी वेक्सलर होत्या. त्यांच्या आईला हंटिंग्टनचा आजार होता. हा आजार आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते. व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांचा अभ्यास करून त्याच्या जनुकाचा माग काढणाऱ्या गटात त्या होत्या. १९८३ मध्ये खूण सापडली, १९९३ मध्ये जनुकच सापडले. उपचार नसताना नुसती चाचणी उपलब्ध झाली, तर ती करून घ्यायची की नाही, हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता.

पैसा आला, पण तो खर्च करणारे जाणकार कुठे होते? एल्सी शाखेचे पहिले प्रमुख एरिक युंगस्ट हे तत्त्वज्ञ. तत्त्वज्ञांना जनुकशास्त्र कळत नव्हते, जनुकशास्त्रज्ञांना समाजशास्त्राच्या पद्धती ठाऊक नव्हत्या आणि वकिलांना दोन्ही नवे होते. सुरुवातीच्या वर्षांत बराच पैसा परिषदा आणि सुट्या सुट्या अभ्यासांवर गेला. ही जीवनीतिशास्त्रज्ञांसाठी काढलेली रोजगार योजना आहे, अशी थट्टा तेव्हा अमेरिकेत होई. रोजगार हमीच्या महाराष्ट्राला या थट्टेतली खोच वेगळी समजावून सांगायला नको. थट्टेत तथ्य होते ते एवढेच, की रोजगार आधी आला आणि कामगार नंतर घडवावे लागले.

सिकलसेलचा धडा

वर्गात शिकवल्या जाणाऱ्या प्रकरणांत अमेरिकेतल्या सिकलसेल तपासणीचे प्रकरण सर्वांत उपयोगी म्हणावे असे आहे, कारण त्यात कोणी खलनायक नाही.

सिकलसेलच्या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदनांचे झटके येतात. सदोष जनुकाची एकच प्रत असलेला माणूस वाहक असतो. तो सहसा निरोगी आयुष्य जगतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमध्ये बारा-तेरा जणांत एक वाहक असतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वस्त चाचणी हाती आली आणि अनेक राज्यांनी उत्साहाने कायदे केले. काही ठिकाणी शाळाप्रवेशाच्या वेळी, काही ठिकाणी लग्नाच्या परवान्यासाठी तपासणी सक्तीची झाली. या कायद्यांना कृष्णवर्णीय पुढाऱ्यांचाही पाठिंबा होता. दुर्लक्षित समाजाच्या दुर्लक्षित आजाराकडे सरकार अखेर लक्ष देत आहे, अशी भावना होती.

गडबड झाली ती तपशिलात. काही कायद्यांच्या भाषेतच वाहक आणि रुग्ण यांतला फरक पुसट होता. चाचणी सक्तीची होती, समुपदेशनाची तरतूद मात्र नव्हती किंवा अपुरी होती. निकाल गुप्त ठेवण्याची व्यवस्था नव्हती. निरोगी वाहकांना विमा महाग झाला, काहींच्या नोकऱ्या अडल्या. अमेरिकी हवाई दलाची अकादमी वाहकांना प्रवेश नाकारत असे, आणि ते धोरण १९८१ मध्ये सुटले. शाळकरी मुलांना लग्नाच्या संदर्भातली माहिती देऊन नेमके काय साधणार होते, हे कोणी विचारलेच नव्हते. १९७२ च्या केंद्रीय कायद्याने स्वेच्छेची अट घातली, तेव्हा राज्यांचे कायदे हळूहळू मागे पडले.

या प्रकरणावर चर्चा घेताना शिक्षक सहसा ‘चूक कोणाची?’ असे विचारत नाहीत. फॉर्म कोणी तयार केला, त्यावर कोणता शब्द होता, निकाल कोणाच्या हाती गेला, घरी कोणी काय सांगितले, हे क्रमाने शोधायला लावतात. नैतिक म्हणून ओळखले जाणारे प्रश्न प्रत्यक्षात किती कारकुनी वेषात येतात, हे विद्यार्थ्याला तिथे पहिल्यांदा दिसते.

अभ्यासक घडवण्याची व्यवस्था

मानवी जीनोम प्रकल्प एप्रिल २००३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय मानवी जीनोम संशोधन संस्थेने एल्सीची ‘उत्कृष्टता केंद्रे’ सुरू केली. पहिली चार केस वेस्टर्न रिझर्व्ह, ड्यूक, स्टॅनफर्ड आणि वॉशिंग्टन विद्यापीठांत निघाली. नंतर इतर विद्यापीठांची भर पडली. संशोधनाइतकेच नव्या अभ्यासकांचे प्रशिक्षण हेही या केंद्रांचे घोषित काम होते. त्याच्या जोडीला वैयक्तिक शिष्यवृत्त्या होत्या. त्यांत पीएचडी झालेल्या माणसाला काही वर्षांचा पगार आणि दोन क्षेत्रांतले मार्गदर्शक मिळतात. समाजशास्त्रातून आलेल्याने जनुकशास्त्राचे वर्ग करायचे, समुपदेशकाबरोबर दवाखान्यात बसायचे, प्रयोगशाळेच्या साप्ताहिक बैठकीला जायचे. डॉक्टरने मुलाखत कशी घ्यावी, पाहणीची प्रश्नावली कशी बांधावी, कायद्याचा मसुदा कसा वाचावा हे शिकायचे.

या शिक्षणाचा खरा गाभा आहे तो भीतीची आणि आशेची परीक्षा घेणे. जनुकशास्त्राविषयीची बहुतेक सार्वजनिक चर्चा ‘असे झाले तर?’ या प्रश्नावर चालते. एल्सीचा प्रशिक्षित अभ्यासक ‘खरेच असे होते का?’ हे तपासतो. अल्झायमरच्या जोखमीशी जोडलेल्या ‘एपीओई’ जनुकाचे उदाहरण घ्यावे. या जनुकाचा एक प्रकार अंगी असल्यास म्हातारपणी स्मृतिभ्रंशाची शक्यता वाढते, पण आजार होईलच असे नाही. रोखण्याचा खात्रीचा उपाय नसल्यामुळे निकाल सांगू नये, लोक खचतील, असे तज्ज्ञांचे जवळजवळ एकमत होते. रॉबर्ट ग्रीन आणि सहकाऱ्यांनी ‘रिव्हील’ नावाच्या अभ्यासात ते तपासून पाहिले. ज्यांच्या आईला किंवा वडिलांना अल्झायमर होता, अशा १६२ निरोगी प्रौढांपैकी काहींना जनुकाचा निकाल सांगितला, काहींना सांगितला नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की चिंता आणि नैराश्याच्या मोजमापांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. अर्थात त्यांना समुपदेशन मिळाले होते, आणि ते स्वतःहून अभ्यासात आले होते. निकाल प्रतिकूल आलेल्यांमध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा काढण्याकडे ओढा मात्र जास्त दिसला. म्हणजे तज्ज्ञांना भीती होती मनाची, आणि परिणाम दिसला विम्याच्या बाजारात. अमेरिकेच्या २००८ च्या जनुकीय भेदभावविरोधी कायद्यात आरोग्यविमा आणि नोकरी यांना संरक्षण आहे. आयुर्विमा आणि शुश्रूषा-विमा त्याच्या कक्षेबाहेर राहिले, हे लक्षात घेतले की या निष्कर्षाचे वजन कळते.

ड्यूकच्या केंद्राचे काम असेच आशा-भीतीच्या पलीकडचे. जनुकांवरची पेटंटे योग्य की अयोग्य, यावर नव्वदच्या दशकापासून मोठा वाद होता. रॉबर्ट कुक-डीगन यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने तत्त्वचर्चा बाजूला ठेवून एकेका आजाराच्या चाचणीचा बाजार तपासला. ज्या आजाराच्या जनुकाचे पेटंट एकाच कंपनीकडे होते आणि ज्याचे अनेकांना खुले होते, अशा जोड्या त्यांनी तुलनेला घेतल्या. ‘पेटंट म्हणजे महाग चाचणी’ हे सरधोपट समीकरण त्यांत टिकले नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या एकाधिकारातल्या चाचणीचा दर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या खुल्या चाचण्यांच्या तुलनेत फार वेगळा नव्हता. पण एकाच पुरवठादारामुळे निकालाची दुसरीकडे खातरजमा करण्याची वाट बंद होते, आणि चाचणी विकसित होण्यासाठी पेटंटाचे आमिष लागतेच असे नाही, हे पुढे आले. हे अभ्यास २०१० मध्ये सरकारी सल्लागार समितीच्या अहवालाचा आधार झाले. २०१३ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिरियड कंपनीच्या खटल्यात निसर्गात जसा आहे तसा डीएनए नुसता वेगळा काढला म्हणून पेटंट मिळणार नाही, असा निर्णय दिला.

अशा अभ्यासकापुढची अडचण उदरनिर्वाहाची असते. त्याने नोकरी मागायची कोणत्या विभागात? तत्त्वज्ञानाच्या विभागाला त्याचे संख्यात्मक शोधनिबंध तत्त्वज्ञान वाटत नाहीत, वैद्यकीय महाविद्यालयाला तो डॉक्टर नाही म्हणून अडचण, आणि बहुतेकांचा पगार अनुदानावर. वर्षानुवर्षे माणसे घडवून शेवटी त्यांना ठेवायला खुर्ची नाही, ही या व्यवस्थेची दुखरी बाजू आहे. शिवाय ज्या संस्थेचे विज्ञान तपासायचे तिच्याच पैशावर जगायचे, हा आक्षेप पहिल्या दिवसापासून आहे आणि तो खोडून काढण्यासारखा नाही.

आठ तासांची अट

आता दुसरे शिक्षण, म्हणजे जनुकशास्त्रज्ञाचे स्वतःचे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९० पासून आपल्या पैशावर शिकणाऱ्या संशोधकांसाठी ‘जबाबदार संशोधनवर्तना’चे शिक्षण आवश्यक केले. २००९ च्या सुधारित धोरणात किमान आठ तास समोरासमोरचे शिक्षण, आणि कारकिर्दीच्या प्रत्येक टप्प्यावर त्याची पुनरावृत्ती, अशी अपेक्षा आहे. फक्त संगणकावरचा अभ्यासक्रम पुरेसा मानला जात नाही. विषय असतात ते आकडे बनवू नयेत, वाङ्मयचौर्य करू नये, लेखकांच्या यादीत कोणाचे नाव घालावे, सहभागींची संमती कशी घ्यावी. हे सगळे आवश्यकच आहे. परंतु ते संशोधकाच्या सचोटीचे शिक्षण झाले. सचोटीने केलेले संशोधन समाजात काय करील, हा प्रश्न त्यात जेमतेम येतो.

नियम पाठ असणे आणि नैतिक जाण असणे यांतले अंतर २०१८ मध्ये जगाला दिसले. चीनमधल्या शेनझेनचे संशोधक ह जियानक्वी यांनी गर्भात क्रिस्पर तंत्राने जनुकबदल करून जुळ्या मुलींना जन्माला घातल्याचे नोव्हेंबरमध्ये उघड झाले. ह यांचे शिक्षण राइस आणि स्टॅनफर्ड या अमेरिकी विद्यापीठांत झाले होते. त्यांनी नीतितज्ज्ञांशी चर्चाही केल्या होत्या. एवढेच नव्हे, त्याच सुमारास त्यांच्या गटाचा गर्भातील जनुकबदलाची नैतिक तत्त्वे मांडणारा लेख एका शोधपत्रिकेत आला. पुढे तो मागे घेतला गेला. ह यांना डिसेंबर २०१९ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. नीतीचे पाच मुद्दे लिहिणाऱ्या हातांनीच हा प्रयोग केला, हे प्रशिक्षकांना आजही अस्वस्थ करते.

यावर निघालेला एक उपाय असा, की नीतीचा वर्ग वेगळा न ठेवता नीतिज्ञालाच प्रयोगशाळेच्या टेबलाशी नेणे. स्टॅनफर्डमध्ये मिल्ड्रेड चो आणि सहकाऱ्यांनी २००५ च्या सुमारास संशोधकांसाठी सल्लासेवा सुरू केली. रुग्णालयात जशी नीतिसल्ल्याची सोय असते, तशी ही प्रयोग आखणाऱ्यांसाठी. प्रयोग सुरू होण्यापूर्वी, कागद समितीकडे जाण्यापूर्वी, संशोधक आपली शंका घेऊन येऊ शकतो. ॲरिझोना राज्य विद्यापीठातल्या एरिक फिशर यांनी समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना काही महिने प्रयोगशाळांत बसवण्याची पद्धत रूढ केली. ‘हा निर्णय का घेतला? दुसरा पर्याय कोणता होता? पुढे कोणाला फरक पडेल?’ असे साधे प्रश्न ते कामाच्या ओघात विचारतात. उपदेश करत नाहीत. संशोधक स्वतःच अनेकदा थबकतो आणि दुसरा पर्याय निवडतो, असा अनुभव आहे.

जनुकशास्त्राच्या शिकवणीतच दडलेल्या गृहीतकांकडेही आता लक्ष गेले आहे. ब्रायन डोनोव्हन यांच्या शालेय अभ्यासांत असे दिसले, की ‘हा आजार अमुक वंशात जास्त’ अशी निरुपद्रवी वाटणारी वाक्ये वाचलेल्या मुलांमध्ये वंशावंशांत खोल जनुकीय भेद असतात ही समजूत वाढते. एका गटाच्या आतला फरक दोन गटांमधल्या फरकाहून कितीतरी मोठा असतो, हे नीट शिकवले तर ती कमी होते. मे २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात दहा कृष्णवर्णीयांची हत्या करणाऱ्याने आपल्या जाहीरनाम्यात शिक्षण आणि जनुके यांच्या संबंधावरच्या एका शोधनिबंधाचा आधार घेतला होता. त्या निबंधाच्या लेखकांनी अशा गैरवापराचा अंदाज घेऊन निबंधासोबत सोप्या भाषेतली प्रश्नोत्तरे प्रसिद्ध केली होती. ती पुरी पडली नाहीत. तरीही अशी प्रश्नोत्तरे लिहिणे हा आता प्रशिक्षणाचा भाग होऊ लागला आहे, आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी जनुकीय संशोधनात वंशाचे शिक्के कसे आणि कुठे वापरू नयेत यावर सविस्तर शिफारशी केल्या.

ज्यांचे रक्त त्यांच्या हाती पिपेट

ग्रँड कॅन्यनच्या तळाशी हावासुपाई या मूळनिवासींची छोटी वस्ती आहे. तिथे मधुमेहाचे प्रमाण फार मोठे. १९९० पासून ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी त्यांचे रक्त घेतले. संमतीपत्रातली भाषा मात्र वर्तनाच्या आणि आरोग्याच्या विकारांबद्दल ऐसपैस होती. त्याच नमुन्यांवर पुढे स्किझोफ्रेनियाचा, जवळच्या नात्यांतल्या संबंधांचा आणि पूर्वजांच्या स्थलांतराचा अभ्यास झाला. हावासुपाईंच्या श्रद्धेनुसार त्यांचा उगम त्या दरीतच झाला. ते आशियातून आले असे सांगणारे संशोधन त्यांच्याच रक्तातून त्यांना न विचारता निघाले होते. २००३ मध्ये त्या समाजातल्या कार्लेटा टिलूसी विद्यापीठात एका पीएचडीच्या सादरीकरणाला बसल्या होत्या. या कामासाठी परवानगी घेतली होती का, असा प्रश्न त्यांनी उभे राहून विचारला आणि प्रकरण उघडकीला आले. २०१० मध्ये विद्यापीठाने ४१ जणांना एकूण सात लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि उरलेले रक्त परत केले. नाव्हाहो राष्ट्राने तर २००२ मध्येच आपल्या भूमीवर जनुकीय संशोधनाला स्थगिती दिली होती.

या घटनांतून निघालेला सर्वांत फलदायी प्रशिक्षणवर्ग बाहेरच्यांसाठी नव्हताच. २०११ मध्ये इलिनॉय विद्यापीठात रिपन मल्ही आणि सहकाऱ्यांनी मूळनिवासी विद्यार्थ्यांसाठी ‘सिंग’ नावाची आठवड्याची उन्हाळी कार्यशाळा सुरू केली. सकाळी डीएनए वेगळा काढायचा, क्रमवाचनाचे विश्लेषण करायचे, आणि दुपारी संमती, नमुन्यांची मालकी, जमातीचे सार्वभौमत्व यांवर वाद घालायचे, असे तिचे स्वरूप. पुढे न्यूझीलंड, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात तिच्या शाखा निघाल्या. त्यांतून आलेल्या काहींनी आपापल्या समाजांत संशोधनाचे नियम लिहायला मदत केली. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. २०१० मध्ये आपल्या जीनोमचे वाचन जगभर गाजले तेव्हा आपल्या नेतृत्वाला विचारले गेले नव्हते, हा अनुभव तिच्यामागे होता.

भारतातले चित्र

जनुकीय तंत्राचे सामाजिक परिणाम म्हणजे काय, हे भारताने अभ्यासक्रमाशिवायच शिकले. गर्भजलपरीक्षा १९७० च्या दशकात गर्भातले जनुकीय दोष शोधण्यासाठी आली आणि बघता बघता मुलगी शोधण्यासाठी वापरली जाऊ लागली. मुंबईत १९८० च्या दशकाच्या मध्यावर स्त्रीसंघटना, डॉक्टर आणि विज्ञानवादी कार्यकर्ते यांच्या मंचाने तिच्याविरुद्ध मोहीम उघडली. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम कायदा केला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तंत्र आणणाऱ्या प्रयोगशाळांत तेव्हा हा प्रश्न विचारायला कोणी बसलेले नव्हते.

कागदावरची चौकट आज भक्कम आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, २००६ मध्ये सुधारली आणि २०१७ च्या आवृत्तीत जनुकीय चाचण्या आणि संशोधन यांना स्वतंत्र विभाग दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएचडीपूर्वी संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. पण त्याचा भर वाङ्मयचौर्य, बनावट नियतकालिके आणि शोधनिबंधांचे निर्देशांक यांवर आहे. जीवशास्त्राचा विद्यार्थी आणि इतिहासाचा विद्यार्थी यांना तो सारखाच. आदिवासी पाड्यावर रक्त घ्यायला जाणाऱ्याला त्यातून काय मिळते, याचे उत्तर फारसे समाधानकारक नाही.

आणि तो विद्यार्थी पाड्यावर जातो आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट. महाराष्ट्रात विदर्भ आणि नंदुरबारच्या पट्ट्यात हा आजार जुना आहे, विशेषतः आदिवासी आणि काही अनुसूचित जातींमध्ये. तपासणीनंतर कार्ड मिळते आणि लग्न ठरवताना कुंडलीप्रमाणे कार्डे जुळवा, असा संदेश दिला जातो. अमेरिकेतल्या १९७० च्या दशकातल्या गोंधळाचे जवळजवळ सारे घटक इथे हजर आहेत. वाहक आणि रुग्ण यांतला फरक आशाताई कोणत्या शब्दांत सांगतात? कार्ड कोणाच्या हाती राहते? वाहक मुलाचे लग्न मोडते की वाहक मुलीचे? शाळेत केलेल्या चाचणीचा निकाल वर्गात पसरतो का? ही उत्तरे मिळवायला रक्ततज्ज्ञ पुरत नाही. ज्याला हिमोग्लोबिनचे नमुने वाचता येतात आणि पाड्यावरच्या बायकांशी गोंडीत किंवा भिलीत बोलून मुलाखत घेता येते, असा माणूस लागतो. हे शिक्षण देणारा विभाग आज सहज सापडत नाही. मुंबईहून १९९३ पासून निघणारे वैद्यकीय नीतीचे नियतकालिक आणि काही विद्यापीठांतले जीवनीतीचे पदव्युत्तर अभ्यासक्रम ही या वाटेवरची मोजकी ठाणी आहेत.

विमा कंपन्यांचा प्रश्न इथेही आला. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘जनुकीय विकार’ असे ढोबळ कारण देऊन दावा नाकारणे भेदभावाचे ठरवले. मात्र जनुकीय भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कायदा भारतात अजून झालेला नाही.

२०२० मध्ये सुरू झालेल्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात दहा हजार भारतीयांच्या जीनोमचे वाचन झाले. नमुने ८३ लोकसमूहांतून घेतले होते, त्यांत अनेक आदिवासी समूह होते. जानेवारी २०२५ मध्ये फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रातली ही माहिती संशोधकांना रीतसर अर्जाने खुली झाली. आता ती वापरणाऱ्या प्रत्येक गटाला आलेखाखाली नावे लिहायची आहेत. तिथे जातीचे नाव लिहायचे, भाषेचे, भूभागाचे की नुसता सांकेतिक क्रमांक? जातीचे नाव लिहिले तर वधूवर सूचक मंडळापासून राजकीय सभेपर्यंत ते कुठेही जाऊ शकते. लिहिले नाही, तर ज्या समाजात एखादा आजार खरोखर जास्त आहे त्याला स्वतःची माहिती मिळत नाही. हा निर्णय प्रकल्पप्रमुख घेत नाही, समितीही क्वचितच घेते. बहुतेक वेळा तो आलेख काढणारा पीएचडीचा विद्यार्थी घेतो, शोधनिबंध पाठवण्याच्या आदल्या रात्री.